एका गावात दोन रात्री : ग्वेलिन ते जाओशिंग, सहा जणांनी सॅक पाठीवर घेऊन

चीनच्या डोंगरगावांत जायचं म्हणून कुणी यादी घेऊन आलं, की तिच्यात दहा दिवसांत बारा ठिकाणं असतात. मी त्या यादीवर आधी रात्री मोजतो. कुठल्या गावात किती रात्री झोपणार? बहुतेक नावांपुढे एक येतं, काहींपुढे शून्य. मग आम्ही दोघं बसून ती यादी अर्धी करतो.

कारण या भागातली नावाजलेली गावं सकाळी दहा ते दुपारी चार पर्यटकांची असतात. शेवटची बस खाली उतरली की ती परत गावकऱ्यांची होतात. म्हातारे गावच्या लाकडी ढोल-मनोऱ्याखालच्या शेकोटीभोवती जमतात, बायका ओढ्यावर भाजी धुतात, कुठेतरी निळीत बुडवलेलं कापड मोगरीने बडवल्याचा आवाज येत राहतो. हे अनुभवायचं तर तिथे मुक्कामच करावा लागतो. पहिली संध्याकाळ सामान टाकण्यात आणि जेवण ठरवण्यात जाते, म्हणून एका गावात दोन रात्री. पुढचं सगळं नियोजन मी या एका नियमावर उभं केलं आहे.

रस्ता कोणता

चीन अफाट आहे, म्हणून एकच पट्टा धरू. ग्वांगशी या स्वायत्त प्रदेशाची उत्तर बाजू आणि तिला लागून ग्वेजौ प्रांताचा आग्नेय कोपरा. ली नदीकाठचे चुनखडीचे सुळके, लोंगजीची भातखाचरं आणि डोंग लोकांची लाकडी गावं, तिन्ही एका रेल्वेमार्गाच्या आसपास येतात. ग्वांगजौ ते ग्वेयांग हा ८५७ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग २०१४च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि ज्या गावांना पोचायला आधी दिवस जायचा ती काही तासांवर आली. उंचीचा त्रास या भागात नाही, कारण बरीचशी वाट हजार मीटरच्या आतबाहेर आहे. तिबेटला लागतो तसा वेगळा परवानाही इथे लागत नाही. सह्याद्रीत वर्षातून चार-पाच ट्रेक करणाऱ्याला चाल अवघड जाणार नाही. अवघड आहे ते भाषा, जेवण आणि एकत्र राहणं.

माझा आराखडा असा: ग्वांगजौत एक रात्र, ली नदीकाठी शिंगपिंगला तीन, लोंगजीत दाजायच्या वरच्या वाडीत दोन आणि पिंगआनला एक, मग डोंग गावांत छंगयांगला दोन, जाओशिंगला दोन, वरच्या थांगआनला एक. बारा रात्री. पिंगआन आणि थांगआनला एकच रात्र आहे, कारण ती दोन्ही गावं शेजारच्या मुक्कामाचाच पुढचा भाग आहेत. तिथे आपण चालत पोचतो. वेळ कमी असेल तर एक गाव गाळा. रात्र कापू नका.

किती जण, आणि कोण

सहा. त्याहून जास्त नको. याला दोन साधी कारणं आहेत. गावाकडे भाड्याने मिळणारी छोटी गाडी सात आसनांची असते (तिथे तिला ‘म्येन-बाओ छ’ म्हणतात, म्हणजे पावाची गाडी, आकार पावासारखा म्हणून). त्यात चालक आणि सॅका धरल्या तर पाच-सहा माणसं दाटीवाटीने बसतात. सातवा माणूस आला की दुसरी गाडी, दुसरा भाव, दुसरी वाट बघणं. दुसरं कारण जेवणाचं. चीनमध्ये जेवण ताटाला नाही, टेबलाला मागवतात. मधे पाच-सहा भाज्या, प्रत्येकाला भाताची वाटी. दोघांना ते महाग आणि एकसुरी पडतं, सहा जणांना तेच स्वस्त आणि चवीचं होतं.

निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांनी एका दिवसाच्या ट्रेकला एकत्र जावं, मुद्दाम पावसात. कोण किती वेगाने चालतो, कुणाला भूक लागली की राग येतो, कोण ठरलेल्या वेळेला उतरतो, हे त्या एका दिवसात कळतं. त्याच दिवशी काही गोष्टी तोंडावर विचारून घ्या: कोण पक्का शाकाहारी, कुणाला अंडं चालतं, कांदा-लसूण वर्ज्य कोणाला, दारू कोण घेतो, घोरतो कोण. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लाकडी घरांत भिंत म्हणजे एक फळी असते.

कामं वाटून द्या. एकाकडे तिकिटं, एकाकडे हिशेब, एकाकडे औषधं, एकाकडे दुभाष्याचं ॲप आणि जेवण मागवणं. काँट्री आधीच काढा आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी हिशेब पुरा करा. तीन दिवस राहिलेला हिशेब मैत्रीला लागतो, हे मी पाहिलं आहे.

केव्हा जायचं

लोंगजीची दोन रूपं आहेत. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला खाचरांत पाणी भरतात आणि लावणी होते, तेव्हा डोंगर आरशांनी मढवल्यासारखा दिसतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत भात पिकतं आणि तेच डोंगर पिवळे होतात. डोंग गावांत कापणी साधारण याच सुमारास किंवा थोडी उशिरा सुरू होते.

पण १ ते ७ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आहे. त्या दिवसांत या भागात पाय ठेवू नका, रेल्वेची तिकिटंही मिळत नाहीत. मेच्या सुरुवातीची कामगार दिनाची सुट्टी आणि चिनी नववर्ष यांचंही तेच. मला विचाराल तर १७ सप्टेंबरच्या आसपास पोचावं आणि ३० तारखेच्या आत बाहेर पडावं. त्या तारखा जमत नसतील तर १० सप्टेंबरला निघा; भात थोडं हिरवट दिसेल, पण वाटा मोकळ्या मिळतील.

लावणीचा मोसम निवडलात तर पावसाचा विचार करावाच लागेल. एप्रिल ते जून इथे सर्वांत जास्त पाऊस पडतो. २०२५च्या जूनमध्ये ग्वेजौतल्या रोंगज्यांग आणि त्सोंगज्यांगला मोठा पूर आला, गावंच्या गावं पाण्यात होती. अशा वेळी एक दिवस हातात राखलेला असावा आणि दरडीच्या रस्त्याने रात्री गाडी नको.

कागद, पैसे, फोन

भारतीय पारपत्रावर पर्यटन व्हिसा लागतोच. काही देशांच्या नागरिकांना मिळणारी व्हिसाविना मुक्कामाची सोय आपल्याला नाही. मुंबईत अर्ज केंद्र आहे. अर्जात रोजचा मुक्काम लिहावा लागतो, म्हणून सहाही जणांच्या अर्जांत तोच आराखडा, तीच गावं, त्याच तारखा हव्यात. एकाने कॉपी करताना तारीख चुकवली की सगळ्यांचं अडतं. ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली. कोलकाता आणि दिल्लीहून ग्वांगजौला जाता येतं, आणि आपला रेल्वेमार्ग तिथूनच सुटतो.

चीनमध्ये परदेशी माणसाची नोंद मुक्कामाला पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलं ती स्वतः करतात. गावातल्या घरगुती लॉजवर मालकीण तुमच्या पारपत्राचे फोटो काढून फोनवरून पाठवते. पण काही घरांना ही पद्धत माहीत नसते आणि मग रात्री आठ वाजता दारातून परत फिरावं लागतं. खोली ठरवण्यापूर्वीच विचारा: ‘वाय-ग्वो-रन क-ई जू मा?’ म्हणजे परदेशी माणूस राहू शकतो का? दोघांची खोली साधारण १५० ते २५० युआनला मिळते. एक युआन बारा-तेरा रुपयांच्या घरात धरा.

पैसे फोनवरूनच दिले जातात, संत्री विकणाऱ्या आजीच्या टोपलीवरही चौकोनी कोड चिकटवलेला असतो. अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप घरीच उतरवून, पारपत्राने ओळख पटवून, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेलं कार्ड जोडून ठेवा. बँकेचा ओटीपी येण्यासाठी भारतातलं सिम चालू असावं लागतं, ही गोष्ट तिथे पोचल्यावर कळली तर फार उशीर होतो. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतं. म्हणून सहा जणांचं मोठं बिल एकाने न भरता दोघा-तिघांनी वाटून भरावं. तरी हजारभर युआन रोख जवळ असू द्या. फोनची बॅटरी संपते, वरच्या वाडीत नेटवर्क जातं, आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या माणसाला कोड दाखव म्हणणं बरं दिसत नाही.

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर बंद आहेत. भारतीय कंपनीचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर ते चालतात. लॉजच्या वायफायवर मात्र नाही. गटातल्या निदान तिघांकडे रोमिंग हवं. नकाशासाठी गाओदे हे तिथलं ॲप घ्या, आपल्या नेहमीच्या नकाशावर रस्ते सरकलेले दिसतात. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेटशिवाय चालेल.

रेल्वेची तिकिटं १२३०६ या सरकारी ॲपवर पंधरा दिवस आधी उघडतात. नाव पारपत्रावर आहे तसंच लिहा. तिकीट कागदाचं नसतं, पारपत्र हेच तिकीट. स्वयंचलित फाटकातून ते जाईलच असं नाही, म्हणून कर्मचारी असलेल्या रांगेत उभे राहा आणि गाडीच्या पाऊण तास आधी पोचा.

आणीबाणीला पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. व्हिसा-नोंदणीची अडचण आली तर १२३६७ या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं. हे चारही आकडे कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

सॅक

नऊ-दहा किलोच्या वर नको. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह काहीच लागत नाही. गॅसचं नळकांडं तर रेल्वेच्या तपासणीत काढूनच घेतात, चाकूचंही तसंच. प्रत्येक स्टेशनवर सामान यंत्रातून जातं. देशांतर्गत विमानाने फिरणार असाल तर २८ जून २०२५ पासून थ्री-सी (चीनच्या सुरक्षा-प्रमाणाची) छाप नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेकींवर ती छाप नसते.

तळव्याला चांगली पकड असलेले बूट घ्या. खाचरांमधल्या वाटा दगडी पायऱ्यांच्या आहेत आणि पावसानंतर शेवाळाने निसरड्या होतात. एक काठी, पावसाळी जाकीट, टॉर्च, टॉयलेट पेपर (गावच्या संडासात नसतो), गरम पाण्याची स्टीलची बाटली. ही बाटली फार उपयोगी. गाडीत, स्टेशनवर, लॉजवर, सगळीकडे उकळतं पाणी फुकट मिळतं आणि नळाचं पाणी तिथली माणसंही पीत नाहीत.

पहिला टप्पा : शिंगपिंग

ग्वांगजौ दक्षिण स्टेशनवरून यांगश्वोचं तिकीट काढा. हे स्टेशन यांगश्वो शहरात नाही, शिंगपिंगच्या हद्दीत आहे. बहुतेक लोक इथे उतरून तास खर्चून यांगश्वोच्या गजबजाटात जातात. आपल्याला शिंगपिंगलाच राहायचं आहे आणि ते अगदी जवळ आहे.

वीस युआनच्या नोटेच्या मागे जे सुळके आहेत ते इथल्याच नदीकाठचे. सगळे तिथे नोट धरून फोटो काढतात, तुम्हीही काढा. पण खरा दिवस यांगदी ते शिंगपिंग या नदीकाठच्या वाटेला द्या. नदी मधूनमधून ओलांडावी लागते. कुठली होडी चालू आहे, कुठला तुकडा बंद आहे हे लॉजवर आदल्या रात्री विचारा, कारण ते बदलत असतं. पूर्ण वाट चालता आली नाही तर नऊ घोड्यांच्या कड्यापासून शिंगपिंगकडचा भाग चाला, दृश्य तिथेच सर्वांत सुंदर आहे. हे सुळके चुनखडीचे, पावसाच्या पाण्याने विरघळत विरघळत उरलेले. दक्षिण चीनच्या या भूरूपाला २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि ग्वेलिनचा भाग २०१४ मध्ये त्यात जोडला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावामागचा लाओजाय डोंगर चढा. चढ खडा आहे आणि उतरताना अंधार होतो, टॉर्च विसरू नका. तिसरा दिवस सायकलींचा, पोमेलोच्या बागांमधून. आठवडी बाजाराची पद्धत इथे वारावर नाही, तारखेवर आहे. कोणत्या तारखांना भरतो ते विचारून घ्या आणि त्या सकाळी दुसरं काही ठरवू नका.

दुसरा टप्पा : लोंगजी

शिंगपिंगहून ग्वेलिनला आणि तिथून बसने किंवा ठरवलेल्या गाडीने दाजायच्या फाटकापर्यंत. अर्ध्या दिवसाहून थोडं जास्त धरा. प्रवेशाचे सुमारे ८० युआन. फाटकापाशी मुक्काम करू नका. तासाभराच्या आत चढून थ्येनथौ या वरच्या वाडीत जा. लाल याओ या जमातीच्या बायका पाठीवरच्या वेताच्या टोपलीत सॅक वाहून न्यायला पुढे येतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी संकोच न करता द्यावी, भाव आधी ठरवावा आणि ठरलेला पुरा द्यावा.

ही खाचरं युआन राजवटीपासून, म्हणजे सातशेच्या आसपास वर्षांपूर्वीपासून खोदली जात आहेत. कोकणात किंवा मावळात मजगी पाहिलेल्या माणसाला इथे उभं राहिलं की हात जोडावेसे वाटतात. काही वाफे इतके अरुंद आहेत की भाताच्या दोन-तीन ओळीच मावतात. डोंगरमाथ्यावरचं जंगल मुद्दाम राखलेलं आहे; त्यातून झिरपणारं पाणी बांबूच्या आणि दगडाच्या पाटांनी गावातून खाली खाचरांत उतरतं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दक्षिण चीनच्या ज्या भातखाचरांना कृषी वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत लोंगजी आहे. या वाफ्यांच्या बांधावरून चालताना बांधाच्या कडेवर पाय टाकू नका. बांध ढासळला तर त्या खाचरातलं पाणी जातं आणि मग खालच्या खाचराचंही बिघडतं.

दोन रात्रींनंतर थ्येनथौहून जोंगल्यूमार्गे पिंगआनला चालत जा. चार ते पाच तास. ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत चांगली चाल, आणि गट फुटण्याची जागाही हीच. आमच्या गटात दोघं पुढे गेले, एका फाट्यावर उजवीकडे वळले आणि भलत्याच वाडीत उतरले. त्यांच्याकडे रोमिंग नव्हतं. तीन तासांनी भेट झाली, तोवर सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. तेव्हापासून नियम एकच: फाटा आला की थांबायचं, आणि शेवटचा गडी डोळ्यांना दिसल्याशिवाय कुणी वळायचं नाही. पुढे एक, मागे एक, आणि मागचा माणूस सगळ्यांत अनुभवी. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या रात्रीच्या लॉजचं चिनी नाव आणि पत्त्याचा फोटो असलाच पाहिजे. तो दाखवला की कुणीही हात धरून वाटेला लावतं.

जेवण, सविस्तर

या विषयावर मी थांबणार आहे, कारण मराठी गट इथेच सर्वांत जास्त भांडतात.

शाकाहारी माणसाला हा भाग उपाशी ठेवत नाही. पण भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि मांसाचे तुकडे नसले की पदार्थ शाकाहारी असं स्वयंपाकी समजतो. म्हणून तीन वाक्यं पाठ करा. ‘वो छ सू’, मी शाकाहारी आहे. ‘बू याओ रोउ’, मांस नको. ‘बू याओ जू-योउ’, डुकराची चरबी नको. तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. त्यासोबत कोंबडीची पूड नको, हाडांचा रस नको, हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. बोलून सूर चुकतात, लिहिलेलं चुकत नाही. बीफ न खाणाऱ्यांसाठी शब्द ‘न्यू-रोउ’.

मागवायला सोपं ते हे: टोमॅटो-अंडं, बारीक किसासारखे बटाटे (‘तू-दोउ-स’), परतलेला पालेभाज्यांचा ढीग, टोफू, भोपळा, वांगी, मक्याची कणसं आणि भात. बांबूच्या नळीत भाजलेला भात लोंगजीत सगळीकडे दिसतो, पण त्यात बहुधा मांसाचे तुकडे असतात. आधी सांगितलं तर बिनमांसाचा करून देतात. ग्वेलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांचा रस हाडांचा असतो, हे शाकाहारी मित्राला पहिल्या सकाळीच सांगा.

‘यौ-छा’ जरूर घ्या. चहाची पानं आलं-लसणासह तेलात परतून, कुटून, उकळून केलेलं खारट-तुरट पेय. त्यात मुरमुऱ्यांसारखे फुललेले तांदूळ आणि शेंगदाणे टाकतात. पहिला घोट चमत्कारिक लागतो. थंड, पावसाळी सकाळी तिसऱ्या वाटीला तो आपलासा होतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र चालणार नाही.

मिश्र गटासाठी माझी पद्धत: टेबलावर चार पदार्थ शाकाहारी, दोन मांसाहारी, आणि शाकाहारी पदार्थ आधी करायला सांगायचे म्हणजे कढई स्वच्छ असते. लॉजवर दोन रात्री राहण्याचा फायदा इथेही होतो. पहिल्या रात्री मालकीण गोंधळते, दुसऱ्या रात्री तिला सगळं कळलेलं असतं, आणि स्वयंपाकघरात येऊ का विचारलं तर बहुतेक जणी येऊ देतात. आम्ही एकदा फोडणीचा बटाटा करून दिला होता. घरातल्या आजोबांनी तो भातावर घेऊन संपवला. चटणी, मेतकूट, थोडा लाडू-चिवडा सॅकेत असावा, पण सगळी जेवणं त्यावर काढू नका.

तिसरा टप्पा : छंगयांग

पिंगआनहून लोंगशंगमार्गे सानज्यांगला, तिथून छंगयांगला. इथून डोंग लोकांचा मुलूख सुरू होतो; ते स्वतःला ‘काम’ म्हणवतात. गावात शिरताच योंगजी पूल लागतो. १९१२ ते १९२४ अशी बारा वर्षं बांधायला लागली. ६४.४ मीटर लांब, वर पाच मंडप, आणि फर लाकडाच्या सगळ्या जोडण्या खिळ्याविना. त्याला वारा-पाऊस पूल म्हणतात, कारण वरून छप्पर आणि बाजूने बाकं. पावसात माणसं तिथेच थांबतात. तुम्हीही तासभर थांबा. पलीकडे आठ वाड्या आहेत, दिवसभर एकीतून दुसरीत चालत राहायचं.

एका संध्याकाळी इथल्या एका शिक्षकाशी ॲपच्या मदतीने गप्पा झाल्या. आपण ‘यिन्दू’हून, म्हणजे भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ख दी-ह्वांच्या गावचे का? हे नाव सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. ते नाव लक्षात ठेवून जा.

आगीची भीती

डोंग आणि म्याओ या जमातींची गावं पूर्ण लाकडी, घराला घर टेकलेलं. ग्वेजौतलं बाओजिंग हे डोंग गाव २०१४च्या जानेवारीत जळालं, शंभरावर घरं गेली. कित्येक गावांत अजून रात्री एक माणूस थाळा वाजवत, विस्तव विझवा अशी हाळी देत फिरतो. ती हाळी ऐकली की तुमच्या खोलीकडेही बघा. पॉवर बँक गादीवर चार्जिंगला लावून झोपू नका, मच्छर अगरबत्ती नको, उदबत्ती नको, खोलीत सिगारेट अजिबात नको. ओले मोजे हीटरवर घालू नका. गटप्रमुखाने रोज रात्री सगळ्या खोल्यांत एक चक्कर मारावी. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, सोबत येणाऱ्यांना ही अट घालतो.

चौथा टप्पा : जाओशिंग आणि थांगआन

सानज्यांग दक्षिणहून त्सोंगज्यांग स्टेशन अर्ध्या तासाच्या आत येतं. नावाला फसू नका. त्सोंगज्यांग हे तालुक्याचं गाव स्टेशनपासून लांब आहे, आणि जाओशिंग मात्र सात-आठ किलोमीटरवर.

जाओशिंग हे डोंगांच्या सर्वांत मोठ्या गावांपैकी एक. पाच वस्त्या, पाच ढोल-मनोरे, आणि त्यांची नावं माणुसकी, न्याय, शिष्टाचार, शहाणपण, विश्वास. मुख्य रस्ता दुकानांनी भरला आहे, त्यावर नाराज होऊन लगेच निघू नका. ओढ्याच्या कडेने मागच्या गल्ल्यांत जा. तिथे निळीचे पिंप दिसतील. कापड पुन्हा पुन्हा रंगवून, अंड्याचा पांढरा बलक लावून, मोगरीने बडवून त्याला जांभळट, धातूसारखी चमक आणतात. कापड बडवणाऱ्या बाईचा फोटो घेण्यापूर्वी विचारा: ‘पाय-जाओ क-ई मा?’ ती नको म्हणाली तर फोन खिशात घाला आणि बघत उभे राहा.

डोंग भाषेला पूर्वी लिपी नव्हती. वंशावळी, कायदे, शेतीचं ज्ञान सगळं गाण्यांत साठवलेलं. वाद्याशिवाय, निर्देशकाशिवाय अनेक सुरांत गायली जाणारी ही मोठी गाणी २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. रंगमंचावरचा कार्यक्रम बघा, तो चांगला असतो. पण रात्री नऊनंतर मनोऱ्याखाली नुसतं बसा; कधी कुणी गुणगुणतं, कधी नाही. सहा जण एकदम जाऊन बसू नका, दोघं-दोघं जा. शेकोटीभोवतीच्या बाकावर म्हातारी माणसं आली की उठून जागा द्या.

पाहुण्याला दारातच तांदळाची दारू देण्याची रीत आहे. म्याओ गावांत शिंगातून पाजतात, आणि शिंगाला हात लावलात तर ते पूर्ण रिकामं करावं लागतं. हात पाठीमागे ठेवून ओठ टेकवले तरी मान राखला जातो. न पिणाऱ्याने छातीवर हात ठेवून चहा मागावा, कुणी रागवत नाही.

दोन रात्री झाल्या की सकाळी थांगआनला चढून जा, दीड-दोन तास. हे गाव नॉर्वेच्या सहकार्याने उभारलेल्या जिवंत संग्रहालयांपैकी एक आहे. संग्रहालय म्हणजे इमारत नव्हे, गावच. भाताच्या पाण्यात मासे आणि बदकं एकत्र वाढवण्याची या भागातली पद्धत २०११ मध्ये कृषी वारशाच्या यादीत आली: बदकं किडी आणि तण खातात, माशांनी ढवळलेलं पाणी आणि दोघांची विष्ठा भाताला मिळते. कापणीच्या दिवसांत गेलात तर चिकट तांदळाच्या लोंब्या एकेक खुडून लाकडी मांडवांवर वाळत घातलेल्या दिसतील. कुणी मदतीला बोलावलं तर जा, पण चिखलात उतरताना बूट काढा.

थांगआनच्या रात्री सामान भरण्याआधी एक काम उरकून टाका. प्रवासात ज्यांचे फोटो काढले त्या सगळ्यांना ते वीचॅटवर पाठवा. ज्या आजींकडे फोन नाही त्यांचे लॉजच्या मालकिणीकडे द्या. घरी पोचल्यावर हे होत नाही. सकाळी खाली उतरायला गाडी सातला सांगून ठेवा. ग्वांगजौला जाणारी गाडी साधारण चार तास घेते, आणि वाटेत सुळके पुन्हा दिसायला लागतात ते डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून.